५ डिसेंबरच्या आधी

चिरंजीव बाळा,
अनेक आशीर्वाद.

येत्या ५ डिसेंबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनी, तुम्ही मित्रमंडळी शहरात काही सेवाकार्य करणार आहात, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९८५ साली हा दिवस ठरवला. पण सेवा पाहायला नागपूरकराला दूर जावे लागत नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात आणि आसपासच्या रस्त्यांवर त्यांच्यासाठी भोजनदानाचे, पाणीवाटपाचे मंडप उभे राहतात.

तिथे भूक आणि तहान समोर दिसते. इतरत्र गरज इतकी उघड नसते, म्हणून आधी विचारावे लागते, आणि हे मी स्वतः चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, एका सरकारी रुग्णालयाच्या आवारात मी ब्लँकेट वाटत होतो. गडचिरोलीकडून आलेल्या एका गृहस्थांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि घडी पडून फाटत आलेला कागद पुढे धरला. "पांघराले हाये जी माह्यापाशी. हा कागद तेवढा वाचून सांगता का?" शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मदत मिळवायला कोणती कागदपत्रे लागतील, ते त्यावर लिहिलेले होते. शिधापत्रिका त्यांच्या पिशवीतच होती. या योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला कुठे भेटायचे, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. ते तिकडे गेले तेव्हा मी त्यांच्या पत्नीच्या खाटेशी बसून राहिलो. माझ्या हातून त्या दिवशी झालेले खरे काम तेवढेच, असे मला आजही वाटते.

म्हणून फलक छापण्याआधी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा, माणसे कोणत्या वेळी कमी पडतात ते विचारा आणि रीतसर परवानगी घ्या. रुग्णांची छायाचित्रे मात्र कोणी काढू नयेत. अंगात सलाईन असलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते. आणि परीक्षेच्या दिवसांतही पाळता येतील एवढेच तास कबूल करा, कारण तुमच्या भरवशावर कोणी नातेवाईक अंघोळीला किंवा जेवायला गेलेला असेल.

सोमवारी सकाळी नऊ वाजता माझ्याकडे ये. अधीक्षकांना आपण दोघे मिळून भेटू. येताना एक वही आण.

तुझा,
सर