कार्ड मुकादमाकडे, सही माझी

प्रश्न : सहा वर्षं मी नगरपालिकेच्या घंटागाडीवर ठेकेदाराकडे आहे. पगार खात्यात पूर्ण येतो, पण आमची एटीएम कार्डं पिनसकट मुकादमाकडे असतात. तो पैसे काढून पाच हजार स्वतःकडे ठेवतो, ग्लोव्हज-बुटांचे दोनशे वेगळे. रजिस्टरवर सही आमचीच. भाडं, किराणा भागत नाही. बोलले तर काम जाईल. काय करू?

उत्तर : ताई, सहीची धास्ती सोडा. किमान वेतनापेक्षा कमी घ्यायला कामगार राजी असला, तरी तो करार कायद्यात टिकत नाही. असं काम करून घेणं म्हणजे वेठबिगारीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या (दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलं आहे. ग्लोव्हजची कपातही बेकायदा.

अडचण आहे ती पासबुकाची. पगार दिल्याचं सिद्ध करणं मालकाचं काम, पण ठेकेदार नेमकं तेच पासबुक पुढे करील. म्हणून जमेकडे नाही, काढलेल्या रकमांकडे बघा. दहा-बारा जणींनी बँकेतून व्यवहाराच्या वेळेसह स्टेटमेंट घ्या. एकाच एटीएमवर, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सगळ्यांचे पैसे निघालेले दिसले, तर मुकादमाला उत्तर देणं जड जाईल. तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रण फार दिवस राहत नाही. ते जपून ठेवा, असा लेखी अर्ज बँकेला लगेच द्या. कार्ड मात्र आज बंद करू नका. त्याला सुगावा लागेल. कागद हाती आले की सगळ्यांनी एकाच दिवशी बंद करा.

मग कामगार आयुक्त कार्यालयात दावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता हा नवा कायदा लागू आहे आणि त्यात दावा करायची मुदत तीन वर्षांची आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहाच महिने होती, त्यामुळे आधीच्या महिन्यांवर समोरचा वकील हरकत घेणार. भरपाई दहापटीपर्यंत मिळू शकते. मी तरी तेवढ्या आशेवर बसणार नाही. नगरपालिकेलाही पक्षकार करा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य नियोक्त्याने, म्हणजे इथे नगरपालिकेने, द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा.

दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता पगारात धरलाय का, तेही तपासा. महागाई त्यातूनच थोडीफार भरून निघते.

काम जाण्याची भीती खोटी नाही. एकटीला काढणं सोपं असतं आणि परत घेण्याचा खटला वर्षानुवर्षं चालतो. म्हणून दावा नोंदणीकृत युनियनमार्फत करा, तशी सोय कायद्यात आहे. तोवर कोऱ्या कागदावर सही नको, आणि हजेरी कार्डाचा फोटो रोज काढून घरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवत जा.