पोथी कुणाच्या पडवीत उघडायची?

पत्र:

ताई,
यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही डोंबिवली सोडून गावी आलो. रत्नागिरी आणि राजापूरच्या मधलं खाडीकाठचं गाव. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, वय 82. मला ज्ञानेश्वरी वाचायची आहे. पारायण नको, समजून वाचायची आहे. वाडीत भजनी मंडळ आहे, पण ते पुरुषांचं. तालुक्याच्या गावी एका बैठकीला काही महिने गेले. एकदा शंका विचारली तर म्हणाले, 'आधी श्रद्धा ठेवा, मग आपोआप कळेल.' तेव्हा वाटलं, आपणच घरी बसावं. चौघीजणी तयार आहेत. पण धाकटे दीर म्हणतात, गुरूशिवाय पोथीला हात लावू नये. आमच्या माजघरात, देवघराशेजारी बसायचं ठरवलंय, तर सासूबाईंना सोवळ्याओवळ्याची धास्ती. चौघींतली एक खालच्या वाडीतली, तिच्यावरून कुजबुज सुरू झालीय. आणि मी बारावी शिकलेली. मी कुणाला काय शिकवणार? यजमानांची हरकत नाही. सुरू करू का?
– खाडीकाठची एक वाचक

ताई,

करा सुरू. फक्त माजघरात नको.

आपल्याकडच्या घरात कोण कुठवर येतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, तरी पोरासोरांनाही पाठ असतं. खळ्यात, म्हणजे अंगणात, कुणीही येतं. पडवीत ओळखीचा माणूस टेकतो. ओटीवर पाहुणा. माजघरात घरची आणि सोयऱ्याधायऱ्यातली. देवघराशेजारी तर घरच्या सुनेलाही महिन्याचे चार दिवस मज्जाव. अशा जागी तुम्ही चटई अंथरणार. म्हणजे कोण येणार, कोण नाही आणि आलेली कुठल्या आठवड्यात येणार नाही, हे पुस्तक उघडायच्या आधीच ठरून गेलं. सासूबाईंची धास्ती आणि वाडीतली कुजबुज, दोन्ही त्या जागेतून निघाल्यात.

म्हणून पडवीत बसा. घरातली जुनी पोथी असेल तर ती तिच्या फडक्यात देवघरात राहू दे, तिला हलवू नका. वाचायला निराळ्या प्रती घ्या. पाळीच्या दिवसांत ओव्या वाचायला हरकत नाही, असं माझं मत आहे. पण 82 वर्षांच्या बाईला ते पटवून मगच सुरुवात करायची म्हटलं, तर तुम्ही दोघी भांडतच राहाल. पडवीत बसलात की कोण कुठल्या दिवशी आली, कुणी विचारायलाच नको. सासूबाईंना आत बसून ऐकू येईल अशा बेताने वाचा. एखाद्या दिवशी त्या आपणहून उंबऱ्यापाशी येऊन बसतील. नाही बसल्या तरी बिघडलं नाही.

आता त्या चौथीचं. तुम्ही जात लिहिली नाहीत, 'खालच्या वाडीतली' एवढंच लिहिलंत. कोकणात तेवढं पुरतं. इथे मी मधला मार्ग सांगणार नाही. तिला वेगळी चटई, वेगळा कप किंवा 'ती पायरीवर बसेल, तिची काही तक्रार नाही' असली सोय होणार असेल, तर ज्ञानेश्वरी मिटून ठेवा आणि त्या वेळात कोकमं वाळवा. निदान ती खरी होतील.

मात्र आधी तिलाच विचारा. दर आठवड्याला वरच्या वाडीत चढून यायचं, दोन्ही बाजूंच्या दारांतून नजरा झेलायच्या, हे तिने सोसायचं आहे. तुमचं मन मोठं आहे हे दाखवायला ती येत नाहीये, वाचायला येतेय. तिला काय वाटतं, तिला कुठला वार जमतो, तिच्याकडे बसलेलं चालेल का, हे विचारा. चालत असेल तर पाळीपाळीने सगळ्यांकडे बसा, आणि तिची पाळी आली की बाकीच्या चौघी खालच्या वाडीत उतरा आणि तिच्याकडचा चहा घ्या. त्या दिवशी कुणाचा गुडघा अचानक दुखायला लागतो ते बघून ठेवा.

दिरांकडे वळते. गुरुपरंपरेचा मान मलाही आहे. ज्ञानेश्वरांनी स्वतः थोरल्या भावाला, निवृत्तिनाथांना गुरू केलं होतं, हे खरंच. मंत्र, दीक्षा, प्राणायाम, ध्यानाच्या पुढच्या पायऱ्या, यांना गुरू हवा हेही मान्य. पण तुम्ही त्यातलं काहीच करत नाही आहात. गीतेचे 700 श्लोक ज्यांना संस्कृतातून कळत नव्हते, त्यांना कळावेत म्हणून सुमारे 9000 ओव्या मराठीत सांगितल्या गेल्या, शके 1212 मध्ये. ऐकणाऱ्यांसाठीच असलेली गोष्ट ऐकायला परवाना कसला? आणि हाकेच्या अंतरावर तुमचं पावस आहे. तिथल्या स्वामी स्वरूपानंदांनी ज्ञानेश्वरीची जुनी भाषा जड जाते म्हणून ती सोप्या मराठीत, अभंगांत उतरवली. 1974 साली ते गेले. त्यांना पाहिलेली माणसं तुमच्या पंचक्रोशीत अजून असतील. दिरांनी पावसला जाऊन हात जोडलेच असणार. तेव्हा त्या स्वामींनी हे कुणासाठी लिहिलं, एवढंच सौम्यपणे विचारा, आणि वाद तिथेच सोडा.

त्याहून बरा उपाय सांगू? पहिल्या दिवशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं घालायला, त्यांनाच बोलवा. ज्या कामाचं गाऱ्हाणं आपण घातलं, त्याला दुसऱ्या दिवशी नावं ठेवणारा दीर अजून जन्मायचाय.

'मी कुणाला काय शिकवणार?' कुणालाच नाही. शिकवायला बसलात तर ती बैठक होईल, जिथून तुम्ही उठून आलात तशीच. त्या बैठकीला मी वाईट म्हणत नाही. अनेकांची दारू अशा ठिकाणी सुटली आहे, अनेकींना आठवड्यातली ती एकच दुपार स्वतःची मिळते. पण तुम्हाला शंका विचारायची आहे, तर शंकेला जागा असलेली बसायची पद्धत हवी. प्रत्येकीकडे स्वतःची सार्थ प्रत हवी, खाली अर्थ छापलेली, मोठ्या अक्षरांची. एकच प्रत असली की ती जिच्या हातात ती आपोआप बाई होते आणि बाकीच्या विद्यार्थिनी. एकीने ओवी मोठ्याने वाचायची, दुसरीने खालचा अर्थ, मग ज्याला जे सुचेल ते बोलायचं. पुढच्या ओवीला वाचणारी बदलायची. जिला वाचायला अडखळायला होतं तिच्यावर सक्ती नको, पण तिचं बोलणं आधी ऐका. निरक्षर बायका ओवीवर जे बोलतात ते पुष्कळदा छापील अर्थापेक्षा जवळचं असतं. जातं ओढताना ओव्या ऐकतच त्या वाढल्यात. अडलेलं वहीत टिपून ठेवा. गावात कुणी कीर्तनकार आले किंवा जुने मराठीचे मास्तर भेटले की एकदम विचारा. 'मला नाही कळलं' हे वाक्य तुम्ही स्वतः पहिल्याच दिवशी म्हणा, म्हणजे बाकीच्यांची भीड जाईल.

पहिल्या अध्यायापासून सुरू करू नका. आठवड्याला 25 ओव्या धरल्या, वर्षातून 40 वेळा जमलात, तर अख्खी ज्ञानेश्वरी व्हायला नऊ वर्षं लागतील. एकटा अठरावा अध्याय अठराशे ओव्यांच्या वर आहे. बारावा घ्या, भक्तियोगाचा. मूळ श्लोक 20, ओव्या अडीचशेच्या आत. आठवड्याला 20 धरल्या तर तेरा आठवड्यांत होतो, आणि एक काहीतरी पुरं झालं की माणसं टिकतात. लावणी उरकली की आषाढातच बसा, तो चातुर्मासात मावेल. गणपतीचे दोन आठवडे मोकळे सोडा, चाकरमानी आल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. कापणीला पुन्हा सुट्टी. आंब्याकाजूच्या दिवसांत नवं काही सुरू करू नका.

ओव्या जड वाटल्या तर विनोबांची गीताप्रवचने घ्या, लाज वाटून घेऊ नका. ती अठराच आहेत, आठवड्याला एक. ती झालीही तशीच: 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात, 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय. समोर राजबंदी बसलेले. बोलणारे विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, भराभर उतरवून घेणारे साने गुरुजी दापोलीकडच्या पालगडचे. आपल्याच कोकणातली दोन माणसं, ती तुरुंगातल्या जागेत आणि वेळेत हे करू शकली, तर तुमच्याकडे पडवी तरी आहे. आणि खालच्या वाडीवरून फारच चर्चा झाली, तर हेही सांगा की त्याच साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला, विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून उपोषण केलं होतं. गीता लिहून घेणाऱ्याला तिचा अर्थ हा लागला.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट आहे, आणि असे गट त्यानेच मोडतात. ओवीत क्षमा आली, द्वेष आला, की बोलणं घरावर येतं. कुणी सासूचं सांगेल, कुणी नवऱ्याचं, कुणी जमिनीच्या वाटणीचं. ते यायलाच हवं, नाहीतर नुसता पाठ होईल. पण वाडीत दुपारी चारला बोललेलं पाचच्या आत घरी पोचतं, बोलणारी पोचायच्या आधी. एकदा कुणाचं असं पोचलं की ती परत तोंड उघडत नाही. तेव्हा पडवीतलं पडवीत, हे पहिल्या दिवशी स्पष्ट बोलून घ्या, आणि जिच्याकडून फुटलं तिला बाजूला घेऊन एकदाच सांगा. सगळ्यांसमोर नको. व्हॉट्सॲपवर फोटो टाकू नका. वर्गणी काढू नका. खायला काही नको, फक्त चहा. आज पोहे झाले की पुढच्या वेळी शिरा होतो, त्याच्या पुढे घावन आणि रस, आणि महिन्याभरात जिच्याकडे नारळ कमी तिची पाळी चुकायला लागते.

यजमानांबद्दल तुम्ही तीन शब्द लिहिलेत: 'यजमानांची हरकत नाही'. तेवढ्याने भागत नाही. तुमच्याकडे बसाल त्या दुपारी सासूबाईंना औषध कोण देणार, मधेच कुणी हाक मारली तर कोण उठणार, चहाचं आधण कोण ठेवणार, हे त्यांच्याशी ठरवून घ्या. निवृत्त माणसाला दीड तास सहज निघतो.

पाचाच्या सात झाल्या तर ठीक, दहाबारा व्हायला लागल्या तर दोन पडव्या करा. पहिल्या दिवशी दोघीच आल्या तर दोघींनी वाचा. महिन्याभरानेही दोघीच असाल तर आधी वार बदलून बघा. बाजाराचा वार आणि मासळीची वेळ आड येत असेल, खालच्या वाडीत तर नक्कीच. मग वेळ बदला. पुस्तक सगळ्यात शेवटी.