विसार देण्याआधी छतावर जाऊन यावे

प्रश्न : आम्ही दोघे नोकरी करतो आणि नाशिकरोडला भाड्याने राहतो. गंगापूर रोडलगतच्या 16 वर्षे जुन्या इमारतीत चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट आम्हांला पसंत पडला आहे. मालक निवृत्त शिक्षक असून त्यांनी 62 लाख रुपये सांगितले आहेत. घराला नुकताच रंग दिलेला आहे. सिंहस्थामुळे भाव वाढणार असल्याने दोन दिवसांत एक लाख रुपये विसार द्यावा, असे एजंट म्हणतात. घर तपासायला इंजिनिअर नेला तर सरांना तो अविश्वास वाटेल का, आणि भाव किती कमी करून मागावा? — वाचक दांपत्य, नाशिकरोड

उत्तर : कृपया दोन दिवसांत विसार देऊ नका. आधी तपासणी, मग भावाची बोलणी आणि त्यानंतर विसार हा क्रम उलटला, की तुमच्या हातात बोलण्यासारखे काही उरत नाही. कारण एकदा एक लाख रुपये अडकले, की भिंतीतली ओल दिसूनही माणूस ती न दिसल्यासारखे करतो. 2027 च्या कुंभमेळ्यानिमित्त शहरात कामे होतील, काही भागांत भावही चढतील, पण त्यामुळे चार-सहा दिवस थांबायचे नाही असे कारण निर्माण होत नाही.

एजंटने सुचवलेला माणूस न घेता स्वतः शोधलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि एक अनुभवी प्लंबर सोबत न्यावा. कर्ज घेताना बँकेचा व्हॅल्युअर घर पाहून जातोच, म्हणून वेगळी तपासणी कशाला, असे अनेकांना वाटते. तो व्हॅल्युअर बँकेचे तारण पुरेसे आहे की नाही एवढेच पाहतो, नाहणीखाली पाणी मुरते का हे पाहणे त्याचे काम नव्हे.

वरच्या मजल्याचे घर असल्याने सुरुवात गच्चीवरून करावी. कोब्यावर, म्हणजे स्लॅबवर घातलेल्या सिमेंटच्या थरावर, हातोडीच्या दांड्याने ठोकत गेल्यास जिथे तो पोकळ वाजतो तिथे तो स्लॅबपासून सुटलेला असतो. कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यात सिमेंटने केलेला गोलाकार वाटा फुटला आहे का, पावसाळी पाइपची तोंडे तुंबून तिथे पाणी साचल्याचे डाग आहेत का, आणि पाण्याच्या टाकीखालच्या कॉलमना भेगा आहेत का, हे त्यानंतर पाहावे. आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशेकडून येतो, तेव्हा त्या बाजूच्या भिंती आतून आणि बाहेरून दोन्हीकडून तपासाव्यात. नवा रंग असल्याने पोपडे दिसणार नाहीत, परंतु मिठासारखा पांढरा थर रंगाखालून पुन्हा वर येतो, आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे, जिथे रंगाऱ्याचा हात नीट पोहोचत नाही, तिथे जुनी खूण बहुधा शिल्लक असते.

संडास-बाथरूमसाठी एक साधी चाचणी आहे. नाहणी ट्रॅप, म्हणजे लादीतले पाणी जाण्याचे तोंड, कापडाने घट्ट बंद करून लादीवर दोन इंच पाणी 24 तास ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी खालच्या घरातील छत पाहावे. त्यासाठी सरांची आणि खालच्या कुटुंबाची परवानगी लागेल. ती मागायला जाल तेव्हा थोडा वेळ बसावे. गेल्या पाच-सहा पावसाळ्यांत वरून काय काय गळले, हे तिसऱ्या मजल्यावरच्या माणसांइतके कोणालाच ठाऊक नसते.

भेगांच्या बाबतीत घाबरूनही जाऊ नये आणि सोडूनही देऊ नये. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक रेषा किरकोळ असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात कमी-जास्त होणारी भेग मात्र इंजिनिअरला आवर्जून दाखवावी. नाशिकमध्ये अनेक ठिकाणी काळ्या मातीचा थर आहे. ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे पाया खालच्या मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत गेलेला नसेल, तर ती हालचाल भिंतीवर उमटते. कॉलम किंवा बीमवर सळईच्या रेषेत सरळ भेग असेल, तर आतली सळई गंजून फुगली आहे आणि काँक्रीटला बाहेर ढकलते आहे, असे समजावे.

आता भावाविषयी. बोलणी दोन टप्प्यांत करावीत. पहिला टप्पा मूळ भावाचा. त्याच इमारतीतील किंवा शेजारच्या इमारतींतील फ्लॅट अलीकडे कितीला विकले गेले, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमधून सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या खताचा गोषवारा, काढून पाहता येते. 62 लाख रास्त आहेत की नाहीत, हे त्यावरून ठरवावे. दुसरा टप्पा दोषांचा. समजा, दोन्ही बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगसाठी 1 लाख 20 हजार, जुनी वायरिंग बदलून अर्थिंग नीट करण्यासाठी 60 हजार आणि पश्चिमेच्या भिंतीसाठी 45 हजार रुपयांचे लेखी अंदाजपत्रक मिळाले, तर 2 लाख 25 हजार कमी मागणे न्याय्य आहे. ही रक्कम तुमच्या दृष्टीने मोठी आहे, कारण 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम देते. 62 लाखांवर ती 49 लाख 60 हजार होते, आणि मुद्रांक शुल्क व दुरुस्ती हे दोन्ही खर्च उरलेल्या रकमेसोबत तुमच्याच बचतीतून जातात.

या हिशेबात गच्चीचा संपूर्ण खर्च मात्र धरू नये. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, गच्चीची गळती दुरुस्त करणे हे सोसायटीचे काम आहे, तर संडास-बाथरूममधून होणारी गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने थांबवायची असते. म्हणून सोसायटीच्या दुरुस्ती निधीत किती रक्कम आहे आणि स्ट्रक्चरल ऑडिट झाले आहे का, हे सचिवांना विचारावे. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी व्हावे, असे हे उपविधी सांगतात. निधी रिकामा असेल, तर पुढची वर्गणी तुमच्याच दारात येणार आहे, आणि तेवढा तुमचा वाटा बोलण्यात आणता येईल. स्वयंपाकघराचा जुना ओटा किंवा न आवडलेल्या फरश्या यांचे पैसे मागू नयेत. त्या तुम्ही पहिल्या भेटीतच पाहिल्या होत्या.

सरांना वाईट वाटेल का, या तुमच्या काळजीचे मला मोल वाटते. इंजिनिअर येणार असल्याचे त्यांना आधी सांगावे, तपासणीच्या वेळी त्यांनी हजर राहावे अशी विनंती करावी आणि अहवालाची प्रत त्यांच्या हाती द्यावी. "पाच लाख कमी करा" हे वाक्य माणसाला लागते, कारण त्यामागे काहीच नसते. कामागणिक लिहिलेला आकडा समोर ठेवला, तर आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला तो समजेल, आणि एखादा आकडा जास्त वाटला तर ते तसे सांगतीलही. ते ऐकून घ्यावे.

तीन गोष्टींसाठी मात्र भाव करू नये, सरळ माघारी यावे. गंजून फुटलेले कॉलम, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसणे आणि गोदावरीच्या निळ्या पूररेषेच्या आत असलेली इमारत. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. सप्टेंबर 2008 चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. गंगापूर रोडच्या नदीकडील बाजूचे घर असेल, तर महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ही खात्री अवश्य करावी.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळचा फ्लॅट 48 लाखांना ठरत आहे. खरेदीखतात 38 लाख दाखवून 10 लाख रोख दिल्यास मालक दीड लाख कमी करायला तयार आहेत. घ्यावे का? — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : घेऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी दरपत्रकाचे, मूल्य आणि खतातील किंमत यांपैकी जी अधिक असेल तिच्यावर लागते. खतातील किंमत रेकनरपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर फरकाची रक्कम खरेदीदाराचे उत्पन्न धरून तिच्यावर कर आकारला जातो. शिवाय बँक खतातील किंमत पाहते. 48 लाखांवर 80 टक्क्यांनी 38 लाख 40 हजार कर्ज मिळू शकले असते, ते 38 लाखांवर 30 लाख 40 हजारांवर येईल, म्हणजे दीड लाख वाचवताना आठ लाखांचे कर्ज हातचे जाईल. उद्या व्यवहार मोडला, तर रोख दिलेल्या 10 लाखांचा पुरावा तुमच्याकडे नसेल. मालकांना दीड लाख सोडणे परवडत असेल, तर पूर्ण किंमत खतात लिहून तीच सवलत धनादेशाच्या व्यवहारात मागावी.