मनीच्या ताटलीत रस्सा नको

दर आठवड्याला तेच प्रश्न येतात, फक्त गावं बदलतात. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

मांजराला दूध चालतं का? (शहापूर)
पिलाला आईचं. मोठ्या मांजरांना बहुधा पचत नाही, जुलाब लागतात. पाणी ठेवा.

आमचा बोका कुंदा मागतो. (टिळकवाडी)
देऊ नका. मांजराला गोड चव कळतच नाही. तो खव्याच्या वासानं येतो.

मनी रविवारी मटणाचा रस्सा-भात चाटूनपुसून खाते. सासूबाई म्हणतात, ‘मुक्या जनावराला आपलं कळतं.’ (निपाणी)
नाही कळत. हे मी किती वेळा सांगू? कांद्या-लसणातले गंधकयुक्त घटक मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. कुत्र्यापेक्षाही मांजर यात नाजूक. शिजवून, तळून ते जात नाहीत, आणि वाळवून पूड केली की थोड्याशा पुडीतूनही ते जास्त पोटात जातात. म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला! त्यात फसगत अशी, की खाल्ल्या दिवशी मनी उड्या मारत असते. दोन-चार दिवसांनी मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस होते, धाप लागते. तेव्हा घरात ‘उन्हानं झालं असेल’ म्हणून ताक पाजतात आणि आणखी दोन दिवस घालवतात. रश्शातला तुकडा धुऊनही देऊ नका. मसाल्याआधीच मीठ न घातलेला, शिजलेला, बिनहाडाचा तुकडा बाजूला काढा. रस्सा पोटात गेलाच असेल तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्यांना विचारा. मीठपाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका.

बांगडा? (खानापूर)
शिजवून, काटे काढून, अधूनमधून. खारवलेली सुकी मासळी नको.

दुकानदार म्हणतो, कुत्र्याचं खाणं मांजरालाही चालतं, स्वस्त पडतं. (अनगोळ)
त्याला माल खपवायचाय. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य अन्नातूनच लागतं, आणि कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही. ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमकुवत होतं; हृदयाचा हा संबंध 1987 मध्येच सिद्ध झालाय. पाकिटावर ‘मांजरांसाठी’ आणि ‘संपूर्ण आहार’ दोन्ही लिहिलंय का बघा. नुसता खाऊ म्हणून विकतात तो जेवण नव्हे. वय झालेलं किंवा आजारी मांजर असेल तर आधी पशुवैद्यांशी बोला.

अंग गरम लागतंय. पॅरासिटामॉलची पाव गोळी द्यावी का? (येळ्ळूर)
कधीच नाही. पाव गोळीनंही विषबाधा होते. दिली असेल तर उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच उपयोग. गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि आत्ताच पशुवैद्यांकडे निघा.