मन कोरडं असताना मंडळीत जावं का?

प्रभूमध्ये सलाम.

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: नगरकडच्या ख्रिस्ती घरातला, नोकरीसाठी इंदूरला आलास, विजयनगरला खोली घेतलीस. सुरुवातीला रविवारची उपासना मोबाईलवर बघायचास, आता तीही सुटली. प्रार्थनेत मन लागत नाही आणि अशा मनानं चर्चमध्ये जाऊन बसणं ढोंग वाटतं. म्हणून आधी विश्वास जागेवर येऊ दे, मग जाईन, असं ठरवलंयस.

मला हा क्रमच उलटा वाटतो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 20 वा अध्याय काढ. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी प्रभू शिष्यांना दिसला तेव्हा थोमा तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं तर म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानायचा नाही. एवढ्यावरून आपण बिचाऱ्याला कायमचं नाव ठेवून मोकळे होतो. पुढचं मात्र घाईत वाचलं जातं: आठ दिवसांनी शिष्य पुन्हा आत जमले होते आणि या वेळी थोमाही त्यांच्यात होता. मानत नाही म्हणून तो फटकून राहिला नाही, आणि आधी मान मग ये, असं म्हणून त्यांनी त्याला दारातून परत पाठवलं नाही. प्रभू त्याला भेटला तो या लोकांमध्ये बसलेला असताना.

मंडळीचा, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांचा, उपयोग मला इथेच दिसतो. तुझा विश्वास डळमळतो तेव्हा काही दिवस दुसऱ्यांनी तो धरून ठेवायचा. पुढे कधीतरी त्यांच्यासाठी तू.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. दारात चपलांचा ढीग, आत पेटी, जमलं तर तबला. रविवारची उपासना हिंदीत, पण मराठी घरं जमली की ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक निघतं आणि कवी नारायण वामन टिळकांची भजनं सुरू होतात. बायको गेल्यावर एक काका कित्येक महिने यायचे, पण तोंड उघडत नसत. साक्ष नाही, प्रार्थना नाही, गाणंही नाही. शेजारी बसणाऱ्या काकू दर वेळी पुस्तक उघडून त्यांच्या मांडीवर ठेवायच्या आणि चालू ओळीवर बोट ठेवायच्या. बोलायच्या काही नाहीत. कडवं बदललं की बोट खाली सरकायचं. एके दिवशी काका गुणगुणायला लागले. कोणी वळूनही पाहिलं नाही, तेवढी समज सगळ्यांना होती. मोबाईलवरचं प्रवचन आमच्या पाळक साहेबांपेक्षा सरस असेल (असतंच, ते स्वतःही कबूल करतील), पण ते बोट तिथे कुठून आणणार? आणि तू सलग तीन रविवार दिसला नाहीस तर त्या पडद्याला काय कळणार? आजारी माणसाला तो मोठा आधार आहे, मान्य. तू धडधाकट आहेस.

टिळकांचं नाव निघालंच आहे तर, 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ते ख्रिस्ती झाले तेव्हा घर दुरावलं, पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या. एकट्याने देवाशी बोलण्याची ताकद या माणसाइतकी क्वचितच कोणात असेल. तरी 1917 मध्ये साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला तो माणसं जमवण्यासाठीच. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

आता मंडळी म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही सांगते. कमिटीच्या निवडणुकीत रुसवेफुगवे होतात, कोणाची जागा कुठली यावरून तोंडं फुगतात, लग्नाच्या वयाच्या मुलाची चौकशी तर होणारच. हे सोसायचं. मात्र जिथे शंका विचारली की आवाज चढतो, पैशाचा हिशेब मागितला की अविश्वासू ठरवतात, किंवा घरच्यांशी बोलणं तोड म्हणतात, तिथून चपला उचलायच्या आणि दुसरी मंडळी बघायची. इंदूरमध्ये मंडळ्यांची वाण नाही. रेसिडेन्सीकडचं व्हाइट चर्च 1858 पासून उभं आहे, आणि नव्या वसाहतींत घरातल्या छोट्या सभाही आहेत.

शेवटच्या बाकावर बसून आशीर्वाद होताच सटकलास तर वर्षभरानेही पाहुणाच राहशील. पेटी येते का तुला? नसेल येत तर खुर्च्या मांड, संडे स्कूलच्या पोरांना सांभाळ. इब्री 10:24-25 मध्ये एकत्र येणं सोडू नका म्हटलंय ते एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मांसाठी उत्तेजन देण्याच्या जोडीनेच. कामात हात असला की न जाण्याची सबब शोधणंही अवघड होतं.

या रविवारी दहा मिनिटं आधी जा. पाळक साहेबांना भेट, नगरच्या कुठल्या मंडळीतला ते सांग, आणि विजयनगरच्या बाजूला घरची प्रार्थना कोणाकडे असते ते विचार. मन लागत नाही हेही सांगितलंस तरी चालेल. हे ते काही पहिल्यांदा ऐकत नसतील. गावाकडून सभासदत्वाचं पत्र नंतर मागवता येईल. उपासनेनंतर कोणी पोह्यांना चल म्हणालं तर नाही म्हणू नकोस.