‘जेवलात का?’ असं विचारून बसलेले गृहस्थ

बावन्न वर्षांचे, बँकेत अधिकारी. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) समुपदेशनासाठी माझ्याकडे आले. पहिल्या भेटीत वीस मिनिटं झोपेच्या तक्रारीबद्दल बोलले आणि मग एकदम म्हणाले, “मॅडम, हसू नका, पण मला एका गायिकेशी बोलायचंय.”

बावीस वर्षं ते त्या बाईंचं गाणं ऐकत होते. स्वतः कधी शिकले नव्हते. “आम्ही आपले कानसेन,” हे वाक्य त्या तासाभरात चारदा आलं. तीन वर्षांपूर्वी सवाई गंधर्व महोत्सवात त्यांनी धीर केला. गाणं संपल्यावर मंचामागे गेले, रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा तोंडातून निघालं, “जेवलात का?” बाई गोंधळल्या, हसल्या, “अजून नाही” म्हणाल्या. एवढंच. पण तो क्षण हे गृहस्थ तीन वर्षं रात्री उशीवर डोकं टेकलं की पुन्हा जगत होते.

कलावंताशी बोलायचं कसं, हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, आणि विचारणारे सगळेच काही विशीतले नसतात. मुळाशी बहुतेक वेळा एकच अडचण असते. आपल्याकडे बावीस वर्षं साठलेली असतात, समोरच्याकडे दोन मिनिटं. ती बावीस वर्षं एका वाक्यात ओतायला गेलं की वाक्य अडकतं, आणि अडकलेल्या जागी जे सवयीचं असेल ते बाहेर पडतं. मराठी माणसाच्या सवयीचं काय, तर जेवणाची चौकशी.

मी त्यांना एक जुना प्रयोग सांगितला. 2000 साली थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. तो घालायची त्या मुलांना लाज वाटत होती. खोलीतल्या निम्म्या जणांच्या तरी हे लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव जणांच्या लक्षात आलं होतं. “म्हणजे बाई विसरल्या असतील?” “त्यांनी त्या रात्री किती जणांचे नमस्कार घेतले असतील, तुम्हीच सांगा.” त्यांना हे पटलं, पण आवडलं नाही. विसरलं जाणं हेही दुखतंच की!

इथे माझी एक चूक झाली. मी त्यांच्याकडून चार वाक्यं पाठ करून घेतली. पुढच्या भेटीत ती त्यांनी मला म्हणून दाखवली, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातलं आभारप्रदर्शन ऐकतोय असं वाटलं. सोडून दिलं ते.

मग वेगळं केलं. बाईंचं एक ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं आणि काय ऐकू आलं तेवढंच लिहायचं, ‘दिव्य’, ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’ हे शब्द बाद. त्यांनी दोन पानं भरून आणली. राग मारवा होता. मारव्यात पंचम वर्ज्य, भर कोमल रिषभ आणि धैवतावर, आणि षड्ज, म्हणजे ज्यावर गाणं येऊन विसावतं तो ‘सा’, बराच काळ टाळला जातो. न शिकलेल्या या माणसाने लिहिलं होतं: ‘घराचं दार दिसतंय, पण त्या आत जात नाहीत.’ मी म्हटलं, हे एक वाक्य बोला. बाकी पानं तुमची.

सरावही पायऱ्यांनी केला. आधी बैठकीत शेजारच्या श्रोत्याशी बोलायचं. मग तानपुऱ्याच्या साथीला बसलेल्या शिष्येशी. त्या मुलीकडे सहसा कुणी वळत नाही, त्यामुळे ती मनापासून बोलते. काही गोष्टी ठरवून ठेवल्या. कार्यक्रमाआधी जायचं नाही, तेव्हा वाद्यं लावायची घाई असते. नंतर वाद्यं गवसणीत जाईपर्यंत थांबायचं. सेल्फी आणि फोन नंबर मागायचा नाही. वाटेत उभं राहायचं नाही, त्यांना निघता आलं पाहिजे. आणि सवाईसारख्या हजारोंच्या गर्दीपेक्षा पन्नास-साठ जणांची घरगुती बैठक बरी.

तशी बैठक चार महिन्यांनी मिळाली. योगायोगाने पुन्हा मारवा. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज विचित्र होता.

“बोललो. म्हटलं, आज षड्ज इतका वेळ लांब ठेवलात की तो आला तेव्हा मी श्वास सोडला. हे आधी ठरवलेलं असतं का?”

“मग?”

“त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, ठरवलेलं कसलं हो, एका तानपुऱ्याचा जोड, म्हणजे षड्जाच्या दोन तारा, सुरातून उतरल्या होत्या, म्हणून षड्जावर थांबायची भीतीच वाटत होती. मग दहा मिनिटं तानपुऱ्यांवरच बोलत होतो. मिरजेत कुणाकडून करून घेतले, तेही सांगितलं.”

“मग छानच झालं की.”

“छान काय मॅडम? बावीस वर्षं ऐकतोय, आणि जोड उतरलेला मला कळला नाही!”

या तक्रारीसाठी मी त्यांना पुढची वेळ दिली नाही.