एका पापणीचं ऑपरेशन झालं आणि दुसरी खाली आली

आईंच्या डाव्या पापणीचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, आणि आता इतके दिवस चांगली असलेली उजवी पापणी उतरलीय. डॉक्टरांचं काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. आईंना आधी एवढं सांगा की त्यांच्या उजव्या डोळ्याला धक्का लागलेला नाही. दोन वर्षांपूर्वी माझंही हेच झालं, फक्त बाजू उलट.

मी कोल्हापुरात गुजरीत सोन्याचं काम करतो. साजाच्या पानड्या उजव्या डोळ्याला भिंग लावून बघायची सवय. त्याच डोळ्याची पापणी इतकी उतरली की भुवई ताणल्याशिवाय डाख, म्हणजे सोन्याचा जोड, नीट बसलाय का ते दिसेना. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. एका ठिकाणी दाखवलं, तिथं फक्त उजवा डोळा बघून ऑपरेशनची तारीख दिली. मन मानेना, म्हणून दुसरीकडं गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात आरसा दिला, भुवई दाबून धरली आणि उजवी पापणी बोटानं अलगद वर उचलली. म्हणाल्या, "आता डावीकडं बघा." माझ्या डोळ्यांदेखत डावी पापणी सरकत खाली आली. काळजात धस्स झालं.

मग त्यांनी समजावलं. दोन्ही पापण्या उचलणाऱ्या स्नायूंना मेंदूतून हुकूम एकाच जागेवरून आणि सारखाच जातो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांच्या नावानं हा नियम ओळखतात. एका सरीला पाणी पोचत नाही म्हणून मोटर जोरात सोडली, तर शेजारची सरी भरून वाहणारच ना? तसंच. उतरलेली पापणी उचलायला मेंदू जोर लावतो, तो जोर दुसऱ्या पापणीलाही मिळतो आणि तिची मुळातली ढिलाई झाकली जाते. ऑपरेशननं एक बाजू वर आली की मेंदू जोर कमी करतो, आणि दुसरी आपल्या खऱ्या उंचीवर येते. उतरलेला डोळा जर नजरेचा मुख्य डोळा असेल, माझा भिंगाचा होता तसा, तर हा फरक जास्त दिसतो. प्रत्येकाला होतोच असं नाही.

उजवीचं ऑपरेशन झालं आणि माझी डावी दुसऱ्याच दिवशी उतरली. घरची मंडळी घाबरली, मी घाबरलो नाही, कारण आरशात आधीच बघितलं होतं. आईंनाही हे कुणीतरी आधी दाखवायला हवं होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता लगेच दुसऱ्या बाजूच्या ऑपरेशनची घाई करू नका. तीन आठवड्यांत सूज पुरती उतरत नाही, डावी पापणी अजून थोडी हलेल, आणि तिच्याबरोबर उजवीही. मला तीन महिने थांबायला सांगितलं होतं. बाहुलीत उजेडाचा ठिपका दिसतो ना, तिथून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण 4 ते 5 मिलिमीटर अंतर असतं. डॉक्टर दोन्ही बाजूंचं हे माप दर वेळी लिहून ठेवतात, ते मागून घ्या. माझी डावी थोडी खालीच राहिली, पण बाहुली झाकत नाही, म्हणून तिला हात लावला नाही.

मात्र एक वस्तू दोन दिसणं, एक बाहुली मोठी होणं, अचानक जोराची डोकेदुखी, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळी बरी आणि संध्याकाळी पार मिटणारी पापणी असेल, तर तेही आवर्जून सांगा, तो स्नायूंच्या थकव्याचा वेगळा आजार असू शकतो.

आणि घरातल्या एखाद्या लग्नातले आईंचे ऑपरेशनआधीचे फोटो काढून बघा. त्यात उजवा डोळा गरजेपेक्षा मोठा, टवकारल्यासारखा दिसत असेल, तर तो फोटो पुढच्या भेटीला सोबत न्या.